ओमताबिनहून सिलबिपला

भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय:
अंतर एकोणतीस किलोमीटर, उड्डाण नऊ मिनिटं.
खाली सही माझी.
दमट हवेत शाई टिकत नाही, म्हणून दरवर्षी तक्ता नव्याने लिहिते
आणि दरवर्षी आकडा तोच निघतो.

म्हातारा बिमडोक हा आकडा मानत नाही.
सिलबिप किती लांब, विचारा त्याला.
सात रताळी, म्हणतो.
दोन पहिल्या चढावर,
एक नदीच्या अलीकडे,
एक दोरपूल उतरल्यावर, पाय थरथरायचे थांबेपर्यंत,
उरलेली तीन उरलेल्या वाटेला, पाऊस नसला तर.
आणि असला तर?
तर आठवं दुसऱ्या कुणाकडून मागायचं.

माझं काम सोपं आहे.
पहाटे धावपट्टीवरची डुकरं हाकलायची,
मग रेडिओवर सांगायचं, खिंड कशी आहे.
खिंडीच्या कडेला केवड्याचं एक झाड आहे.
अख्खं दिसलं तर म्हणते, उघडी.
नुसता शेंडा दिसला तर, थांबा.
काहीच दिसलं नाही तर मी काहीच बोलत नाही,
आणि पलीकडे वैमानिकाला ते कळतं.

शिवाय वजन.
माणसं, कॉफीची पोती, कोंबड्या, मिशनची खोकी,
सगळ्यांना एकाच काट्यावर चढावं लागतं.
आमची धावपट्टी म्हणजे डोंगराला टेकवून ठेवलेली फळी:
विमान चढत चढत उतरतं
आणि घसरत घसरत उडतं.
दहा किलो जास्त भरले, तर ते दरी मोजून घेते.

त्या गुरुवारी तिरिफा काट्यावर चढली.
एकसष्ट. दोन जिवांचे मिळून.
कळा रात्रीपासून.
मागोमाग याकोप, बासष्ट, हातात तिची विणलेली झोळी.
आत पाय मोडलेला एक पोरगा आधीच आडवा होता.
वैमानिकाने एक बोट वर केलं.
याकोपने वाद घातला नाही.
झोळीचा पट्टा तिच्या कपाळावर नीट बसवला,
माझ्या चुलीपाशची रताळी उचलली, मोजलीसुद्धा नाहीत,
आणि पंखा फिरायच्या आत वाटेला लागला.

नऊ मिनिटं मी घड्याळाकडे पाहत बसले.
रेडिओत सिलबिप म्हणालं, उतरलं.
याकोप तेव्हा खालच्या मळ्याचं कुंपण ओलांडत होता.
"पोचली रे!" मी ओरडले.
त्याने हात वर केला. वळला नाही.

मुलगी दुपारी झाली.
संध्याकाळपर्यंत पाच धावपट्ट्यांना ठाऊक होतं,
मीठ विकणाऱ्या टेकीलाही, माझ्या धाकट्या दिरालाही.
बापाच्या डोक्यावरून बातमी इकडून तिकडे जात राहिली,
आणि तो खाली शेवाळावर पाय जपत,
अजून बाप न झालेला.
शनिवारी टपालाचं विमान त्याच्यावरून गेलं.
वैमानिक सांगत होता, दोरपुलावर काहीतरी हललं,
माणूस असेल, नाहीतर कुणी वाळत टाकलेलं कापड.

रविवारी सांजेला रेडिओवर तिरिफाचा आवाज,
खरखरीतून:
आला.
पाय धुतोय.

तीन आठवड्यांनी ती विमानातून उतरली.
उतरणाऱ्याला तोलायचा नियम नाही, तरी मी तोललं.
तिरिफा बावन्न. मुलगी चार, मुठी आवळलेल्या.
वहीत "परत" असा एक रकाना आहे.
आईच्या नावापुढे खूण केली.
मुलीपुढे पेन थांबलं.
परत कसं म्हणू? ही इथे आलीच कधी होती?
रकाना तसाच सोडला.
बिमडोकने तिच्या तळपायावर अंगठा फिरवला,
बराच वेळ,
जणू चपलेचा नवा जोड पाहतोय.

याकोप कालच निघालाय, तिरिफा म्हणाली.
जागा एकच होती.

मी राखेत तीन रताळी पुरली.
बाहेर आले, तर केवड्याचं झाड नव्हतं.
रेडिओने विचारलं, ओमताबिन, खिंड कशी आहे?
पुन्हा विचारलं.
मी काहीच बोलले नाही.